अ‍ॅक्युप्रेशर : स्वतःच्या हातचा उपचार आणि त्याच्या सीमा

ज्या उपचाराला औषध लागत नाही, शस्त्र लागत नाही, दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही आणि ज्याची शिकवण एखाद्या शिबिराच्या दोन दिवसांत पुरी होते, तो उपचार लोकांत झपाट्याने पसरावा यात नवल नाही. गेल्या चार दशकांत अ‍ॅक्युप्रेशर महाराष्ट्रात असेच पसरले. ज्येष्ठ नागरिकांच्या संघांत त्याची शिबिरे भरतात. बागेतल्या सकाळच्या मंडळांत व्यायाम आटोपल्यावर तळहात चोळण्याचा आणि बोटांची टोके दाबण्याचा परिपाठ असतो. जत्रेत आणि बाजारपेठेत लाकडी रूळ व काटेरी चपला विकल्या जातात. आणि प्रत्येक नातेवाईक-मंडळात एखाद्या मावशी वा काका असे असतातच, की डोके दुखू लागल्यावर नेमके कोठे दाबावे हे ज्यांना ठाऊक असते. डॉक्टरमंडळींनी या प्रसाराकडे बहुधा दुर्लक्ष केले, आणि पुरस्कर्त्यांनी त्या दुर्लक्षाची भरपाई अवाजवी दाव्यांनी केली. त्यामुळे हा उपचार कशासाठी उपयोगी आहे, कितपत उपयोगी आहे, आणि कोणी, केव्हा, शरीराच्या कोणत्या भागी तो करू नये, या साध्या प्रश्नांची उत्तरे एका जागी मिळणे सामान्य माणसाला कठीण झाले आहे. त्या उत्तरांचा येथे आढावा घ्यावयाचा असून त्यातही शेवटच्या प्रश्नावर अधिक वेळ थांबावयाचे आहे; कारण उपयोगाविषयी अंदाज चुकला तर थोडा वेळ वाया जातो, वर्ज्य काय याविषयी चुकला तर प्रसंगी जीव जातो.

आरंभ इतिहासापासून करणे भाग आहे, कारण या विषयातील बराचसा घोटाळा इतिहासाच्या अज्ञानातून उपजलेला आहे. चीनच्या हुनान प्रांतात मावांगदुई येथे ख्रिस्तपूर्व १६८ मध्ये बंद झालेली एक कबर १९७३ साली उकरली असता तीत रेशमी वस्त्रावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ सापडले. देहातून वाहणाऱ्या वाहिन्यांचे वर्णन त्यांत आहे, पण आज ज्यांना आपण ‘पॉइंट’ म्हणतो त्या बिंदूंची मांडणी त्यांत नाही. ती मांडणी त्यानंतरच्या काळात ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथपरंपरेतून हळूहळू घडत गेली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ साली प्रमाण नावे ठरविली तेव्हा मुख्य वाहिन्यांवरील बिंदूंची संख्या ३६१ अशी निश्चित झाली. सुई टोचणे, वनस्पतीची वात जाळून शेक देणे आणि बोटांनी दाबणे हे तिन्ही मार्ग त्या परंपरेत शेजारी शेजारी नांदत आले. जपानात दाबाच्या मार्गाला स्वतंत्र रूप मिळाले. तोकुजिरो नामिकोशी यांनी होक्काइदो बेटावर १९२५ साली शिआत्सूचे पहिले उपचारकेंद्र काढले आणि १९५५ च्या कायदादुरुस्तीने शिआत्सूचा उल्लेख तेथील परवान्याच्या व्यवसायांत झाला.

आपल्याकडे भिंतीवर टांगलेला जो तळपायाचा रंगीत तक्ता दिसतो, ज्यात अंगठ्याला मेंदू, टाचेकडे आतडी आणि मध्यभागी मूत्रपिंड दाखविलेले असते, त्याचा मात्र या चिनी परंपरेशी फारसा संबंध नाही. तो अमेरिकेचा आहे. विल्यम फिट्झजेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी १९१७ साली शरीराचे उभे पट्टे कल्पून एक पद्धत प्रसिद्ध केली, आणि युनिस इंगहॅम या उपचारिकेने १९३० नंतरच्या दशकात त्या पट्ट्यांचा सारा नकाशा तळपायावर उतरविला. हात-पायांनाच सबंध देहाची प्रतिकृती मानणारी सुजोक पद्धत याहूनही अलीकडची. ती दक्षिण कोरियाचे पार्क जे-वू यांनी १९८० नंतरच्या दशकात मांडली. आपल्या शिबिरांत हे तिन्ही प्रवाह एकत्र कालवून शिकविले जातात, आणि शिकणाऱ्याची समजूत अशी होते की हे सर्व एकाच पुरातन शास्त्राचे अंग आहे.

तेवढ्यावर न थांबता या पुरातनत्वाचा हवाला सुश्रुतापर्यंत नेण्याचीही आपल्याकडे प्रथा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आहेत हे खरे. परंतु ती कशासाठी सांगितली आहेत हे मूळ प्रकरण वाचणाऱ्याला लगेच दिसते : शस्त्रकर्म करणाऱ्याने त्या जागा टाळाव्यात म्हणून, कारण तेथे आघात झाल्यास काही ठिकाणी तत्काळ मृत्यू, काही ठिकाणी कालांतराने मृत्यू, तर काही ठिकाणी वैकल्य वा तीव्र वेदना संभवते. हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील जागा पाहावी. चिनी परंपरेत तेथे ‘हेगू’ हा बिंदू आहे आणि डोकेदुखी व दातदुखीसाठी तो सर्वाधिक दाबला जातो. सुश्रुताने याच जागी क्षिप्र नावाचे मर्म सांगितले असून तेथे वेध झाल्यास आक्षेपक येऊन मनुष्य मरतो असे बजावले आहे. जखमेतून होणाऱ्या धनुर्वाताचे निरीक्षण या वचनामागे असावे असे मला वाटते. एकाच जागेविषयी दोन प्राचीन परंपरांनी इतक्या भिन्न गोष्टी नोंदविल्या असताना, एक दुसरीची जननी आहे असे म्हणण्यात दोन्ही परंपरांवर अन्याय होतो. आपल्या घरगुती परंपरेत अभ्यंग होते, काशाच्या वाटीने तळपाय घासणे होते, थकलेल्या पोटऱ्या रगडणे होते; त्यांची योग्यता त्यांच्यापुरती स्वतंत्रपणे मोठी आहे.

महाराष्ट्राचा या विद्येशी जो संबंध सांगितला जातो त्याचीही थोडी शहानिशा व्हावयास हवी. १९३८ साली काँग्रेसने चीनला धाडलेल्या वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर हे दोघे महाराष्ट्राचे होते. कोटणीसांनी तेथे जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता डिसेंबर १९४२ मध्ये देह ठेवला. ते शस्त्रवैद्य होते, आणि सुईउपचार त्यांनी भारतात आणला असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. ते कार्य त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉक्टर विजयकुमार बसू यांचे. बसू १९५८ साली पुन्हा चीनला गेले, तेथे ही विद्या शिकले आणि परत येऊन त्यांनी ती येथे रुजविली. पुढे या क्षेत्रातील काही रुग्णालयांना कोटणीसांचे नाव दिले गेले ते भारत-चीन मैत्रीच्या स्मरणार्थ. सुईउपचाराला आता महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे आणि केंद्र सरकारनेही २०१९ साली त्यास मान्यता दिली. अ‍ॅक्युप्रेशरच्या शिबिरात शिकविणारा स्वतः काय व कोणापाशी शिकला, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही.

आता दाबल्याने शरीरात घडते काय, हा प्रश्न. वाहिन्यांतून वाहणारी जी प्राणशक्ती ग्रंथांत वर्णिली आहे तिचे मार्ग शवविच्छेदनात आढळत नाहीत. रक्तवाहिनी वा मज्जातंतू जसा चिमट्यात धरून दाखविता येतो तशी ती वाहिनी दाखविता येत नाही. म्हणून दाबाचा परिणाम होतच नाही असे मात्र ठरत नाही. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेविषयी जो सिद्धांत मांडला त्याचा सारांश असा की, स्पर्श आणि दाब यांच्या संवेदना जाड व वेगवान तंतूंतून मेरुरज्जूत पोचतात आणि तेथे दुखऱ्या संवेदनेचा मार्ग काही काळ अडवून धरतात. डोळ्यांत पाणी आणणारा ठेचाळलेला अंगठा आपण घट्ट धरून ठेवतो आणि तेवढ्यापुरते बरे वाटते, त्याचे कारण हेच. पुढे १९७७ च्या सुमारास असे दिसले की सुई टोचल्याने मिळणारी वेदनाशांती नॅलॉक्सोन या औषधाने नाहीशी होते. हे औषध अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम पुसून टाकते, त्या अर्थी देह स्वतःच तशी द्रव्ये स्रवीत असला पाहिजे असे अनुमान निघाले. याखेरीज शांत बसणे, श्वास मंदावणे, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देत आहे किंवा आपणच आपल्याकडे लक्ष देत आहो ही भावना, यांचाही वाटा लहान नाही.

हा वाटा किती, याची कसोटी पाहण्यासाठी संशोधक खोट्या बिंदूंचा उपयोग करतात. म्हणजे एका गटाला ग्रंथोक्त जागी आणि दुसऱ्याला भलत्याच जागी उपचार देतात. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या सुईउपचाराच्या चाचणीत खऱ्या बिंदूंच्या गटातील ४७.६ टक्के, खोट्या बिंदूंच्या गटातील ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटातील २७.४ टक्के लोकांना लक्षणीय आराम पडला. या तीन आकड्यांतून जो निष्कर्ष निघतो तो पुरस्कर्ते आणि विरोधक दोघांनाही गैरसोयीचा आहे : उपचार उपयोगी पडतो, आणि बिंदू नेमका तोच असण्याचे महत्त्व समजतो त्याहून पुष्कळ कमी आहे. घरच्या घरी दाबणाऱ्याच्या दृष्टीने मी ही आनंदाची गोष्ट समजतो. अंगठा पेरभर इकडेतिकडे पडला म्हणून काही बिघडत नाही, आणि अचूक बिंदूचे गुपित विकत घेण्यासाठी कोणापुढे हात पसरण्याचे कारण उरत नाही.

पुरावा सर्वांत भक्कम आहे तो मळमळ आणि ओकारी यांविषयी. यासाठीचा ‘नेइगुआन’ हा बिंदू मनगटाच्या आतल्या बाजूस असतो. तळहात वर करून मनगटाच्या ठळक आडव्या रेषेवर दुसऱ्या हाताची तर्जनी, मध्यमा आणि अनामिका अशी तीन बोटे आडवी ठेवावीत. मूठ किंचित आवळली की हाताच्या मध्यातून दोन कंडरा उभ्या ताणलेल्या दिसतात. तीन बोटांच्या पलीकडे, त्या दोन कंडरांमधल्या खोलगट जागी अंगठ्याचे पेर टेकले की बिंदू सापडला. बोटे ज्याची त्याचीच घ्यावयाची, कारण या परंपरेत मोजमाप प्रत्येकाच्या देहावरून ठरते. बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी १९८० नंतरच्या दशकात शस्त्रक्रियेनंतरच्या ओकारीवर या जागेचा प्रयोग केला आणि तेव्हापासून जगभर त्याची तपासणी चालू राहिली. कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली ५९ चाचण्या आणि ७,६६७ रुग्ण यांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा खोट्या उपचाराच्या तुलनेत या बिंदूच्या उद्दीपनाने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व ओकारी सुमारे एकतृतीयांशाने कमी होते असे आढळले. कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या मळमळीत मात्र निराळा निकाल लागला : ब्रिटनमध्ये ५०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत मनगटावर बांधावयाच्या दाबपट्ट्यांनी लक्षणीय फरक पडला नाही. गरोदरपणातील सकाळच्या मळमळीविषयी निष्कर्ष संमिश्र आहेत. पण हा बिंदू निरुपद्रवी असल्याने करून पाहण्यास हरकत नाही.

पाळीच्या वेळच्या पोटदुखीविषयीचा एक प्रयोग मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात स्त्रियांनी स्वतःच स्वतःवर उपचार केला. बर्लिनमध्ये २२१ तरुण स्त्रियांना मोबाइलवरील अ‍ॅपच्या साह्याने दाबाची कृती समजावून देण्यात आली आणि त्याचा वृत्तान्त २०१८ साली प्रसिद्ध झाला. तीन पाळ्यांनंतर दुखणे निम्म्याने उतरल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया उपचारगटात ३७ टक्के, तर नेहमीच्याच उपायांवर राहिलेल्या गटात २५ टक्के होत्या. सहा पाळ्यांनंतर हेच प्रमाण ५८ व २४ टक्के झाले. खोट्या बिंदूंचा गट या प्रयोगात नव्हता, त्यामुळे दाबाचा वाटा किती आणि स्वतःची निगा राखण्याचा किती, हे सांगता येत नाही. पण जिला दर महिन्याला दोन दिवस अंथरूण धरावे लागते तिच्या दृष्टीने हा भेद दुय्यम आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या पण थकव्याने ग्रासलेल्या २७० स्त्रियांना सहा आठवडे रोज स्वतः दाब देण्यास शिकविले; २०१६ सालच्या त्या अहवालात दाब देणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांचा थकवा सामान्य पातळीवर आला, इतरांत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आत राहिले. प्रसूतिकळांची तीव्रता दाबाने काहीशी सौम्य होते असे दिसते, पण तो पुरावा कच्चा आहे. ताणाची डोकेदुखी, मानेचे आखडणे, कंबरेचा जुना ठणका, झोप न लागणे यांबाबतही चाचण्या लहान असल्या तरी कल अनुकूल आहे.

येथे ही यादी संपते. मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब, मूत्रखडा, दमा, हृदयविकार, कर्करोग यांपैकी कोणताही रोग बोटांच्या दाबाने बरा होतो याला ग्राह्य पुरावा नाही. ज्या तक्रारींत आराम मिळतो त्या सर्व वेदना, मळमळ, थकवा, अस्वस्थता या जातीच्या, म्हणजे माणसाला जाणवणाऱ्या तक्रारी आहेत. रक्तातली साखर वा धमनीतला अडथळा यांवर दाबाची सत्ता चालत नाही. लक्षण आणि रोग यांतला हा भेद ज्याने मनाशी पक्का केला त्याला हा उपचार निर्धास्तपणे वापरता येईल.

कृतीविषयी फार सांगण्यासारखे नाही, आणि जे आहे ते सोपे आहे. अंगठ्याचे वा मधल्या बोटाचे पेर वापरावे, नख लावू नये. दाब हळूहळू वाढवावा, जडपणाची वा बोथट ठणक्याची जाणीव झाली की तेथेच थांबून एक ते तीन मिनिटे स्थिर किंवा अगदी लहान वर्तुळात दाबावे, आणि हळूहळू सोडावे. चमक निघाली, मुंग्या आल्या, बधिरता वाटली किंवा दुखणे दूरवर पसरू लागले, तर तो मज्जातंतू दाबला गेल्याचा इशारा समजून तत्काळ हात काढावा. जितके जास्त दुखेल तितका जास्त गुण, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. दाबलेल्या जागी काळेनिळे पडणे हे गुणाचे चिन्ह मानू नये, ती इजा होय. लाकडी टोकदार उपकरणे याच कारणाने मला अप्रशस्त वाटतात : बोटाला समोरच्या मांसाचा प्रतिकार कळतो, लाकडाला कळत नाही.

आता वर्ज्य प्रसंगांकडे वळू. त्यांत अग्रक्रम पोटरीचा लागतो. शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर, पायाला प्लास्टर असताना किंवा बसून केलेल्या लांबच्या प्रवासानंतर पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. तिचे दुखणे पोटरीत गोळा आल्यासारखे असते, आणि म्हणूनच घरातली माणसे मायेने पाय चेपावयास बसतात. नेमके तेच करू नये. दाबाने सुटलेली गुठळी रक्ताबरोबर फुफ्फुसात जाऊन अडकली तर काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. एकच पाय सुजला असेल, दुसऱ्याहून गरम लागत असेल, लालसर दिसत असेल आणि चालताना पोटरी दुखत असेल, तर त्या पायाला हात न लावता रुग्णालय गाठावे. फुगलेल्या निळ्या शिरांवरही दाब देऊ नये.

गळ्याच्या दोन्ही बाजूंना, जेथे बोट ठेवले असता नाडी लागते, ती दुसरी निषिद्ध जागा. चिनी परंपरेतला एक बिंदू अगदी तेथेच आहे, आणि थायरॉइडच्या नावाखाली गळा दाबण्यास सांगणारे मार्गदर्शकही आढळतात. त्या धमनीच्या भिंतीत रक्तदाबाची खबर मेंदूस देणारी यंत्रणा असते. ती दाबली गेली की नाडी एकाएकी मंदावते आणि माणूस भोवळ येऊन पडतो. वृद्धांच्या धमनीत मेदाचे थर साचलेले असतात, त्यातला कपचा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात ओढवतो. मान आखडली असता मागच्या स्नायूंना खुशाल चोळावे, पण मान झटक्याने वळवून कडकन आवाज काढण्याचा प्रकार कोणाच्याही हातून करवून घेऊ नये.

मधुमेही माणसाच्या तळपायाविषयी मला अत्यंत कळकळीने लिहावेसे वाटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. या रोगात वर्षानुवर्षे साखर चढी राहिली की पायाचे मज्जातंतू झिजतात आणि तळपाय हळूहळू बधिर होतो. माणसाला ते कळतही नाही, कारण न जाणवणे हेच त्या बिघाडाचे स्वरूप आहे. अशा माणसाने काटेरी चपला घालून अंगणात अर्धा तास फेऱ्या मारल्या म्हणजे काय होते ते पाहावे. रबराची टोके एकाच जागी पुनःपुन्हा रुततात, कातडीखाली पाणी धरते, फोड येतो, फुटतो. निरोगी माणूस पहिल्या पाच मिनिटांत कळवळून चप्पल काढील, हा काढीत नाही, कारण त्याला दुखत नाही. दोन दिवसांनी मोज्यावर डाग दिसतो तेव्हा जखम झाल्याचे समजते. रक्तपुरवठा आधीच कमी असल्याने ती भरत नाही, चिघळते, आणि पुढे बोट वा पाऊल काढण्यापर्यंत पाळी येते. दैवदुर्विलास असा की, या चपला बाजारात मधुमेहावरील उपाय म्हणूनच खपविल्या जातात. पायाची संवेदना शाबूत आहे की नाही हे पाहण्याची तपासणी अगदी साधी आहे : दहा ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा एक तंतू डॉक्टर तळपायाला ठिकठिकाणी टेकवतात आणि स्पर्श कळतो का ते विचारतात. ही तपासणी केल्यावाचून मधुमेही माणसाने तळपायावर रूळ, काटेरी चप्पल वा चटई यांपैकी काहीही वापरू नये.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांना जोराच्या दाबाने स्नायूत रक्तस्राव होऊ शकतो. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांच्या बरगड्यांवर आणि पाठीच्या कण्यावर भार टाकू नये. पाठीवर नातवंडाला उभे करण्याची आपल्याकडची जुनी सवय वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत सोडली पाहिजे. कर्करोगाच्या रुग्णाने गाठीवर, रोग पोचलेल्या हाडावर, तसेच काखेतील ग्रंथी काढल्या असतील त्या बाजूच्या हातावर दाब घेऊ नये, आणि औषधोपचारात रक्तबिंबिका उतरल्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नये. जखम, भाजणे, गळू, नागीण, ताजा मुरगळा, ताप, या ठिकाणी व या काळात उपचार बंद ठेवावा, हे सांगण्याची आवश्यकता नसावी.

गरोदर स्त्रीच्या बाबतीत परंपरेने हेगू, घोट्याच्या आतल्या बाजूस चार बोटे वरचा बिंदू, खांद्याच्या माथ्यावरचा बिंदू आणि पायाच्या करंगळीच्या नखाजवळचा बिंदू वर्ज्य मानला आहे, कारण त्यांनी गर्भाशयाचे आकुंचन सुरू होते असा समज आहे. प्रसूती सुरू करण्यासाठी याच बिंदूंचा मुद्दाम प्रयोग करून पाहिला असता त्यांचा भरवसा धरावा असा गुण आढळलेला नाही. तेव्हा जिच्याकडून न कळत डोकेदुखीसाठी हात दाबला गेला असेल तिने घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि दिवस पूर्ण भरण्यापूर्वी त्या जागा मुद्दाम दाबूही नयेत, कारण मिळणारा लाभ किरकोळ आणि पणाला लागणारी वस्तू अनमोल आहे.

एवढे सर्व सांगूनही मोठा धोका अद्याप सांगावयाचा राहिला आहे. बोटांच्या दाबाने इजा झालेल्या माणसांपेक्षा, दाबत बसल्यामुळे वेळेवर रुग्णालयात न पोचलेल्यांची मला अधिक धास्ती वाटते. छातीत दाटून येते, डावा हात भरून येतो, घाम फुटतो, आणि घरातले लोक गॅस झाला असेल म्हणून करंगळी दाबीत राहतात. तेवढ्या अवधीत हृदयाचा स्नायू रक्तावाचून मरत असतो. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे असून, गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. अशा वेळी दहा बोटांची टोके सुईने टोचून रक्त काढावे असा जो मजकूर मोबाइलवरून वर्षानुवर्षे फिरत आहे तो निखालस खोटा आहे, आणि तो पुढे पाठविणाऱ्याने आपण कोणाचे किती तास हिरावून घेत आहो याचा विचार करावा. उजव्या ओटीपोटात वाढत जाणारे दुखणे आंत्रपुच्छाचे असू शकते. तेथे दाबू नये, शेकू नये. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी एकाएकी उसळली, किंवा डोकेदुखीबरोबर ताप येऊन मान ताठली, किंवा कंबरदुखीबरोबर लघवीचा ताबा गेला आणि बैठकीची जागा बधिर झाली, तर यांतील प्रत्येक प्रसंग तातडीचा समजावा.

आणि चालू औषध स्वतःच्या मुखत्यारीने बंद करणे हा अविचार तर कधीच करू नये. ज्या मुलाला इन्सुलिनवाचून गत्यंतर नाही त्याचे इन्सुलिन एखाद्या शिबिरचालकाच्या शब्दाखातर बंद केले, तर दोन-तीन दिवसांत रक्त आम्लमय होऊन ते मूल बेशुद्ध पडेल. फेफऱ्याच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनाही हाच नियम लागू आहे. अ‍ॅक्युप्रेशर औषधाच्या जोडीने खुशाल करावे, औषधाच्या जागी करू नये. आणि जे दुखणे नवे आहे, वाढते आहे वा ज्याचे कारण ठाऊक नाही, त्याचे निदान झाल्यावरच दाबाला हात घालावा.

शिबिरे घेणाऱ्यांत निःस्वार्थ बुद्धीने सेवा करणारे पुष्कळ लोक आहेत हे मी जाणतो, आणि म्हणूनच त्यांना विनंती आहे की, पहिला तास बिंदू दाखविण्यात न घालविता वर्ज्य प्रसंग सांगण्यात घालवावा. समोर बसलेल्यांत मधुमेह कोणाला आहे, रक्त पातळ करणारी गोळी कोण घेते, दिवस कोणाला गेले आहेत, हे आधी विचारावे. आणि जी पुस्तिका वाटावयाची तिच्या पहिल्याच पानावर हृदयविकाराची व पक्षाघाताची लक्षणे ठळक अक्षरांत छापावीत. वाचकांनी घरात मधुमेही माणसाच्या वापरात काटेरी चपला असतील तर त्या आजच काढून टाकाव्यात. १०८ या क्रमांकावरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य मिळते. तो क्रमांक घरातल्या लहानथोर सर्वांना पाठ असावा.